पाव्हण्याने कबड्डी बघायला येताना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि महिनाभर संगणकाकडे बघायचे नाही असा हुकूम होता. आता बरा आहे. ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली त्यांचे आभार.

आजच्या लिखाणाचे निमित्त आमची पुतणी. ती आयर्लंडमध्ये कॉर्कला असते हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. येत्या मे महिन्यात ती मिठबावला येणार आणि तिच्याबरोबर तिच्या ऑफिसातला एक आयरिश गृहस्थ. या गृहस्थाने दोन वर्षांपूर्वी तिला हर्लिंगचा सामना दाखवायला नेले होते. नेण्याआधी पानभर सूचना लिहून दिल्या होत्या: कुठे बसायचे, कधी ओरडायचे, कुठल्या रंगाचे कपडे घालायचे नाहीत, गुण कसे मोजायचे. आता त्याची परतफेड म्हणून ती त्याला आपल्याकडची कबड्डी दाखवणार आहे. "काका, तुम्ही तीस वर्षं गुणलेखकाच्या टेबलावर बसलात. तुम्हीच लिहा, मी त्याला इंग्रजीत सांगेन," असे तिने फोनवर बजावले. म्हणून हा उद्योग. आपल्याकडे पुण्यामुंबईचे पर्यटक हल्ली पुष्कळ येतात, त्यांनाही उपयोग होईल.

हर्लिंग म्हणजे काय ते आधी दोन शब्दांत सांगतो, कारण मलाही ते तिच्याकडूनच कळले. एकेका बाजूला पंधरा खेळाडू, हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, लहानसा कडक चेंडू. इंग्रजी एच अक्षरासारखे गोलखांब. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. फार जुना खेळ आहे. 1884 साली थर्ल्स गावी त्याची संस्था स्थापन झाली. अखिल आयर्लंड अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर होतो आणि तिथे ऐंशी हजारांवर माणूस बसते. एवढे असून खेळाडूंना पगार नाही! सोमवारी सकाळी कोणी शाळेत शिकवायला जातो, कोणी शेतात. ज्या गावचा, त्या गावाकडून खेळायचे. हे ऐकले आणि मी मनात म्हटले, हा माणूस आपल्या मैदानावर परका वाटणार नाही.

तर पाव्हण्यासाठी.

पत्रिकेत "रात्रौ ठीक 8 वाजता" असे छापलेले असते. आठ वाजता मैदानावर मंडपवाला, दिवे लावणारा आणि मी असे तिघेच असतो. जेवून निघावे. पहिला सामना सुरू होण्याआधी मैदानाच्या मध्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. गावचा जाणता माणूस देवाला सांगतो की पोरांना इजा होऊ देऊ नको, खेळ नीट पार पडू दे, आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या वेळी उभे राहावे, चपला बाहेर काढाव्या आणि मोबाईल खिशात ठेवावा. भाषा कळली नाही तरी "व्हय म्हाराजा" म्हणायला हरकत नाही, लोकांना ते आवडेल. मैदानाची माती आठ दिवस पाणी मारून, चोपून, चाळून तयार केलेली असते. तिच्यावरून बूट घालून शॉर्टकट मारू नये. खेळाडू आत शिरताना तिला हात लावून कपाळाला लावतात, ते बघावे म्हणजे मी का सांगतो ते कळेल.

बसायचे कुठे? टोकाच्या रेषेमागे बसू नये. पुढची जागा रिकामी दिसते म्हणून नवखा माणूस तिथेच जाऊन बसतो, आणि पहिल्याच पकडीत चार धिप्पाड गडी त्याच्या मांडीवर येऊन पडतात. (मोठ्या गटात वजनाची मर्यादा 85 किलो. चारने गुणा.) मध्यरेषेच्या आसपास बाजूला बसावे. पाव्हणा गोरा आहे म्हणून कोणीतरी त्याला व्यासपीठावर सरपंचांच्या शेजारी नेऊन बसवील, हारतुरा देईल आणि माईकवरून नाव पुकारील. एक हार घ्यावा, हात जोडावे आणि खाली येऊन बसावे. व्यासपीठावरून कबड्डी दिसत नाही, नुसती टाळकी दिसतात. "सर, पावणो खंय बसतलो?" असे मला विचारतीलच. मी उत्तर देऊन ठेवले आहे: माझ्याबाजूक.

आता खेळ. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद, मधोमध रेषा. बायकांचे 12 बाय 8. दोन्हीकडे सात सात जण. एकजण "कबड्डी कबड्डी" असा दम घेत पलीकडे जातो, ती चढाई. कोणाला तरी स्पर्श करून परत आला तर जेवढ्यांना स्पर्श तेवढे गुण, आणि ते सगळे बाद. त्याला धरून ठेवला, दम गेला, तर तो बाद आणि गुण समोरच्यांचा. बाद झालेले बाजूला ओळीने बसतात. आपल्या संघाने समोरचा एक बाद केला की ओळीतला पहिला उठून आत येतो. नवख्याने सगळ्यात आधी ही ओळ बघायला शिकावे. गुणफलक नंतर. कोण बसला आहे, किती बसले आहेत, यावर पुढची चढाई कशी होणार ते ठरते. सगळेच बसले तर लोण: दोन जादा गुण, आणि सातही जण परत मैदानात.

आत दोन रेषा दिसतील. पहिली निदानरेषा. कोणाला शिवले नाही तरी ती ओलांडल्याशिवाय परत यायचे नाही, नाहीतर चढाई करणाराच बाद. दुसरी बोनसची. समोर सहा किंवा सात जण असतील तेव्हाच बोनस मिळतो: एक पाय रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा हवेत. डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात होते. पंचाच्या वर केलेल्या अंगठ्याकडे बघावे. आणि तिघे किंवा कमी उरलेले असताना त्यांनी चढाईवाल्याला धरला, तर एकाऐवजी दोन गुण, त्याला अव्वल पकड म्हणतात. त्या वेळी मैदानाभोवतीचा गोंगाट एकदम थांबतो, आणि मग जो आवाज होतो तो समुद्रापर्यंत जात असावा.

दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पट्टा असतो, राखीव क्षेत्र. झटापट सुरू झाली, म्हणजे कोणी कोणाला शिवले, की तो पट्टा मैदानात धरतात. त्याआधी त्यात पाय टाकला तर बाद. इतका साधा नियम, पण 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात भारत आणि इराण 28-28 वर असताना यावरूनच रणकंदन झाले. भारताचा कप्तान पवन सेहरावत कोणाला न शिवता त्या पट्ट्यात गेला आणि इराणचे गडी त्याच्यामागून आत शिरले. गुण कोणाला आणि किती? जुना नियम की नवा? सुमारे तासभर खेळ थांबला होता. शेवटी भारत 33-29 ने जिंकला. तेव्हा आमच्या मैदानावर पंचाशी हुज्जत झाली तर पाव्हण्याने घाबरू नये. आमची हुज्जत दहा मिनिटांत मिटते, कारण पंच पुष्कळदा खेळाडूंचा शाळेतला मास्तर असतो.

टीव्हीवर प्रो कबड्डी बघून आलेल्यांना दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. 2014 पासून ती सुरू झाली आणि मॅट, बूट, रंगीत दिवे आले. मला ती आवडते, बघतोही. पण मॅटवर घसरत नाही आणि मातीवर घसरते, म्हणून चढाईच वेगळी होते. अनवाणी पायाची बोटे माती कशी पकडतात ते बघावे. दुसरे म्हणजे आवाज. टीव्हीवर दम ऐकूच येत नाही, संगीताखाली बुडतो. इथे मध्यरेषेजवळ बसलात तर तो ऐकू येईल. आमच्या लहानपणी याला हुतुतू म्हणत आणि तीस सेकंदांचे बंधन नव्हते. ज्याचा दम जितका तितकी चढाई. आता घड्याळ आहे, ठीक आहे, पण दमदार पोराचा आवाज अठ्ठाविसाव्या सेकंदालाही एका पट्टीत असतो, आणि जो आतून खचला आहे त्याचा पंधराव्यालाच चिरका होतो. टेबलावर मान खाली घालून गुण लिहिताना मी नुसत्या आवाजावरून सांगू शकत असे की हा परत येणार नाही.

मध्यंतरात भजी खावी, चहा घ्यावा, खाजे विकत घेऊन पोरांना वाटावे. माईकवरून "अमक्यांकडून उत्कृष्ट पकडीसाठी पाचशे रुपये" असे पुकारत असतात. पाव्हण्यालाही द्यावेसे वाटेल. द्यावे, पण पाचशेच. पाच हजार देऊन लाजवू नये.

ओरडायचे असेल तर "धर!" एवढे पुरे. आपली बाजू बचावाला असली की ओरडायचे. चढाईला असली की गप्प.

मुलींचे सामने असतील तर ते आधी लावतात, म्हणून उशिरा येणाऱ्यांचे ते हुकतात. ते चुकवू नयेत. इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, आणि माझा धाकटा भाऊ ती वाचून रागावेल, तर रागावो. आमची ही पुतणी शाळेत उजवा कोपरा खेळत असे. तिची घोटा पकड एकदा बसली की सुटत नसे. दहावीला तिचा खेळ बंद करण्यात आला. अभ्यास हे कारण सांगितले गेले, आणि अर्ध्या चड्डीत खेळते हे खरे होते. मी तेव्हा भावाशी भांडलो होतो, चालले नाही. 2018 साली जकार्त्याला इराणच्या मुलींनी भारताच्या मुलींना अंतिम सामन्यात हरवले, पूर्ण बाह्या आणि डोक्याला रुमाल बांधून. त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या रात्री पुतणीचा फोन आला होता. सामन्याबद्दल तास तासभर बोलली, भारत हरला याचे तिला दुःखच नव्हते जणू. आयर्लंडमध्ये मुलींच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात. ती तिथे खेळायला गेली होती म्हणे, चाळिशीत, काठी धरायला शिकायला. मला कळवले, वडिलांना नाही. आता कळले.

पाव्हण्याला एक सांगून ठेवायला हवे, म्हणजे तो भलते विचारणार नाही. आमच्या वाडीच्या संघात या वर्षी वाडीत राहणारे तिघेच आहेत. बाकीचे चाकरमानी, मुंबईहून येतात. गेल्या वर्षी सात पुरे होईनात म्हणून शेजारच्या वाडीशी जोडसंघ करावा अशी बोलणी झाली. सभा तीन तास चालली आणि कोणाच्या नावाने उतरायचे यावर अडली. पुतणी म्हणते, तिकडेही खेड्यांतली पोरे डब्लिनला आणि परदेशी जातात, दोन गावांचे क्लब एक करावे लागतात, आणि तिथेही भांडण नावावरून आणि जर्सीच्या रंगावरूनच होते. त्या दोघांनी याबद्दल बोलावे, मला ऐकायचे आहे.

आमचा मुख्य चढाईवाला माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. वय छत्तीस. मुंबईत एका इमारतीवर सुरक्षारक्षक आहे, ठेकेदाराकडे. सुट्टी दोन दिवसांची मिळते, तीही बिनपगारी. गुडघ्याला पट्टा बांधून उतरतो. सातवीत असताना तो वर्गात एक अक्षर बोलत नसे, वाचायला उभा केला की थरथरायचा. मैदानावर दम घेताना त्याचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. दोन वर्षांपूर्वी कोण्या पर्यटकाने तो तोंडावर आपटल्याचा तेवढाच तुकडा मोबाईलवर काढून, खाली हसण्याची चित्रे घालून पसरवला. तो इमारतीतल्या लोकांपर्यंत पोचला आणि महिनाभर गेटवर त्याला ऐकून घ्यावे लागले. त्याच सामन्यात त्याने एका चढाईत तिघांना बाद केले होते, ते कोणी काढले नाही. म्हणून सांगतो: चित्रीकरण करायचे तर पूर्ण सामन्याचे करा आणि आधी विचारा. नाहीतर फोन खाली ठेवून बघा.

यंदा खेळणार नाही असे त्याने होळीला सांगितले होते. परवा निरोप आला, येतो म्हणून. सहावा मिळेल, पण सातवा नाही.

अंतिम सामना संपायला रात्रीचे अडीच-तीन होतात. लगेच उठून जाऊ नये. हरलेला संघ आणि जिंकलेला संघ शाळेच्या व्हरांड्यात एकाच पंगतीला बसतो, भात, वाटाण्याची उसळ, सोलकढी. पाव्हण्याने त्यांच्यात बसावे. कोणी त्याच्या काठीबद्दल विचारील, म्हणून जमल्यास ती बरोबर आणावी. विमानात हातात ठेवू देणार नाहीत, सामानात टाकायला सांग. पोरे तिच्याने चेंडू मारून बघतील, एखादे कौल फुटेल, ते मी बघून घेईन.

आणि झोप नाही आली तर सकाळच्या पहिल्या एसटीला थांब्यावर यावे. कणकवलीला गाडी पकडायची असते, संध्याकाळी ड्युटी. तो खिडकीशी बसेल, पाय पुढच्या सीटखाली लांब करून. पाव्हण्याने नुसता हात करावा. तो ओळखेल.