विकतचे आकडे

आमच्या घरात कुलपे सात आहेत. किल्ल्या किती, हे एकट्या आईला ठाऊक असते. म्हणजे हल्ली कोणालाच ठाऊक नसते. पहाडगंजातील या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती राहावयास आली त्याला चार वर्षे झाली. येताना तिने पत्र्याची ट्रंक आणली. तिला दाबले की लागणारे जुने पितळी कुलूप. प्रारंभी किल्ली तिच्या कमरेला खोचलेली असे. पुढे विसर वाढला, विसराबरोबर संशय वाढला, आणि किल्ली कधी तांदळाच्या डब्यात, कधी देव्हाऱ्यामागे, एकदा तर लोणच्याच्या बरणीत सापडली. न सापडली म्हणजे मी मेन बाजारात उतरून पदपथावरच्या चावीवाल्याला घेऊन येई.

तो दोन मिनिटांत कुलूप उघडी. आई पदराचे टोक मुठीत धरून त्याच्या हातांकडे पाहत उभी राही. एकदा तो गेल्यावर तिने ट्रंकेतली एकूण एक वस्तू बाहेर काढून मोजली. सगळे जागच्या जागी होते. तरी ती रडू लागली. "माझी पेटी परक्या माणसाने उघडायची, आणि मी नुसती बघत राहायचे!" एवढेच ती म्हणाली. त्या रात्री मी ठरविले की ही विद्या आपणच शिकायची.

विद्येला हत्यार लागते. कुलपात घालावयाचे आकडे विकत घ्यावे की घरी करावे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न. मी अर्थातच घरी करावयास बसलो. काटकसर हे कारण सांगण्यापुरते. खरे कारण असे की चोवीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिलेल्या माणसाला आपल्या हातांनी काही घडवून दाखविण्याची खुमखुमी असते. लोखंड कापावयाच्या करवतीचे एक पाते आणले आणि दाते घासून टाकण्यासाठी ते फिरत्या सहाणेवर धरले. पाहता पाहता पाते निळे पडले. पोलाद फार तापले की त्याचे पाणी उतरते. वरचेवर थंड पाण्यात बुडवीत घासावे लागते, हे मला मागाहून कळले. पहिला आकडा वाकला तो वाकलाच. दुसरा कानशीने सावकाश घासून केला. त्याच्या कडा खरखरीत राहिल्या आणि तो कुलपात जागोजाग अडू लागला. आठ दिवस खटपट केली. कुलूप उघडेना. पण मला खरा त्रास न उघडल्याचा झाला नाही. दोष हाताचा की आकड्याचा, हे समजण्यास काही मार्ग नव्हता, त्याचा झाला.

शेवटी घरपोच मागविता येणारा एक संच घेतला: गुळगुळीत पोलादी आकडे, कुलपाचा गाभा हलकेच पिळून धरावयाची पट्टी, आणि सरावासाठी पाच खुंट्यांचे एक कुलूप. अमेरिकेतील लायनस येल याने 1861 साली ज्याचे पेटंट घेतले त्या जातीचे हे कुलूप. आत स्प्रिंगने दाबलेल्या खुंट्या असतात. प्रत्येक नेमकी हवी तेवढी उचलली गेली की गाभा फिरतो. आता आकडा निर्दोष होता, तेव्हा चूक माझीच असणार, आणि आपलीच चूक आहे असे ठरले की माणूस ती शोधू तरी लागतो. मी पट्टी फार जोराने पिळीत होतो. नवव्या संध्याकाळी गाभा फिरला. मी एवढ्याने ओरडलो की शेजारचे सरदारजी दारात आले.

(महाराष्ट्राच्या 1951 च्या पोलीस कायद्यात, सूर्यास्तानंतर घरफोडीचे हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणाऱ्यासाठी 122 वे कलम आहे. सरकारी नोकराला अशा गोष्टी नको तेव्हा आठवतात. संच मी घराबाहेर नेत नाही.)

परंतु आईच्या कुलपापुढे तो देखणा संच लंगडा पडला. त्या कुलपात खुंट्या नव्हत्या; एकावर एक बसविलेली लिव्हरची पाने होती. विकतचे आकडे परदेशी दारांच्या बेताने केलेले. आमच्या ट्रंकेचे त्यांना काय! मी निमूटपणे चावीवाल्याकडे गेलो. त्याच्या पत्र्याच्या डब्यात सायकलच्या आऱ्या, छत्रीच्या काड्या, वाकविलेल्या तारा होत्या. विकतचे एकही हत्यार नव्हते. "ताला देखकर औज़ार बनता है, बाबूजी," तो म्हणाला.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या काचेत 1790 पासून एक कुलूप ठेवलेले होते. ते उघडणाऱ्यास 200 गिनींचे बक्षीस होते. 1851 साली हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडले: सोळा दिवसांत विभागून 51 तास, आणि तेही त्या एका कुलपासाठी मुद्दाम घडविलेल्या उपकरणांनी. आपल्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक तर आणखी पुढे जातो. भिंत फोडण्याआधी ध्यानात येते की मापाचा दोरा घरी राहिला; तेव्हा तो गळ्यातले जानवे काढतो, आणि घट्ट लागलेले दार उघडावयासही ते कामी येते असे कौतुकाने सांगतो. ही सगळी घरगुती हत्यारे खरी, पण ती वापरणारे नवशिके नव्हते. विकतच्या आकड्यांनी हाताला वळण लागल्यावरच मला छत्रीच्या काडीचा उपयोग कळला.

चावीवाल्याने मला समोर बसवून काडी कोठे वाकवावयाची ते दाखविले. दोन वाया गेल्या. तिसरी चालली.

परवा दुपारी आई निजली असताना मी ट्रंकेचे कुलूप काढून ठेवले. ती उठली, तिने पाहिले. "किल्ली कुठे होती रे?"

"देव्हाऱ्यामागे."

"मी तिथेच ठेवली होती," ती समाधानाने म्हणाली. मग ट्रंकेतले एक लुगडे काढून तिने मांडीवर घेतले, पुन्हा घडी घालून ठेवले आणि कुलूप दाबले. "आण इकडे किल्ली."

खिडकीत एक जुनी, कशाचीच नसलेली किल्ली पडली होती. ती मी तिच्या हातावर ठेवली. तिने ती कमरेला खोचली.