‘आयो!’ म्हणत सेबूच्या दारात

लेकीला डॉक्टरीच्या शिक्षणासाठी पोचवायला फिलिपिन्समधल्या सेबू शहरी गेले, तेव्हा बॅगेत मेतकूट होतं, चकल्या होत्या, लिंबाचं लोणचं होतं. नव्हती ती भाषा. माझं इंग्रजी बेताचंच. घरमालकीणबाई पासष्टीच्या, त्यांचंही तसंच. जिच्या ओट्यात पोटची पोर टाकून यायची, तिच्याशी दोन शब्द बोलता येऊ नयेत? पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दाराबाहेर कुणीतरी ओरडलं, “आयो!” मला वाटलं, ठेच लागली की काय कुणाला! धावत गेले, तर शेजारीण हसत उभी. आतून बाईंनी “दायोन!” म्हटलं, नि ती आत आली. ‘आहे का कुणी घरात?’ आणि ‘या ना!’ – एवढाच त्याचा अर्थ.

मग मी शिकायचंच ठरवलं. लेकीनं येताना पुस्तकातून ‘मागान्दांग उमागा’ पाठ केलं होतं. पण ते मनिलाकडच्या टागालोग भाषेतलं. सेबूची बोली सेबुआनो, ती निराळी. ‘माआयो’ म्हणजे चांगलं. सकाळी ‘माआयोंग बुन्ताग’, तिसऱ्या प्रहरी ‘माआयोंग हापोन’, रात्री ‘माआयोंग गाबीई’. एवढी शिदोरी घेऊन मी कार्बोन बाजारात गेले आणि भाजीवालीला ऐटीत म्हटलं, “माआयोंग बुन्ताग!” तिनं हसून डोक्यावरच्या सूर्याकडे बोट केलं. “उद्तो!” भर दुपारचा नमस्कार वेगळा, हे तेव्हा कळलं. चूक झाली खरी, पण ओळखही झाली.

काही शब्द तर ओळखीचेच निघाले. आभार मानताना ‘सालामात’ म्हणतात. मूळ अरबी, आपल्या ‘सलामत’चं सख्खं भावंडच! ‘कुमुस्ता का?’ म्हणजे ‘कशी आहेस?’, तो स्पॅनिश शब्दावरून आला. 1565 साली स्पॅनिश लोकांनी सेबूत ठाण मांडलं आणि 1898 पर्यंत देशावर राज्य केलं. राज्य गेलं, विचारपूस तेवढी मागे राहिली.

रस्त्यात जो तो विचारी, “आसा का?” – कुठे निघालीस? आधी वाटलं, यांना कशाला हव्यात चौकशा! मग आठवलं, आपणही शेजारणीला ‘काय, बाजाराला वाटतं?’ म्हणतोच की. उत्तराची कुणाला गरज असते? ‘दिहा रा’, म्हणजे ‘हे काय, इथंच’, म्हटलं की झालं. जेवायला बसलेलं माणूसही वाटेनं जाणाऱ्याला हाक मारतं, “मांगाओन ता!” – चला जेवायला! ताटात नारळाच्या झावळीच्या पुडीत शिजवलेला भात असतो, त्याला ‘पुसो’ म्हणतात.

थोरल्या बाईला ‘मानांग’ म्हणायचं, धाकटीला ‘दाय’. मी बाईंना मानांग म्हणू लागले, त्या मला दाय. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात माझी लुडबूड सुरू झाली. त्यांना मेतकूट-भात आवडला, मला त्यांचा पुसो.

निघायच्या दिवशी लेकीनं मानांगचा हात हाती घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. थोरांचा आशीर्वाद घ्यायची तिकडची रीत. ही कधी शिकली, मला पत्ताच नाही! मानांग मला म्हणाल्या, “आम्पिंग, दाय.” सांभाळून जा. मला सांगायचं होतं पुष्कळ : ही रात्री जागून वाचते, ताप आला तरी सांगत नाही, हिला तिखट लागतं... शब्द कुठून आणू? लेकीकडे पाहिलं आणि शिकलेला एकच शब्द ओठांवर आला – “पालिहुग.”

पालिहुग म्हणजे ‘कृपा करून’. मानांगनी माझा हात घट्ट दाबला. त्या रात्री विमानात मला झोप लागली.