बैल आधी मागून उठतो

अनसिंग गावच्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना मी स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन शिकवलं. साहित्य म्हणजे एक मोबाइल, तो घट्ट धरणारा स्टँड, मोफत मिळणारं अ‍ॅप आणि शाडूची माती. तंत्र मुलांना लगेच समजलं. वस्तू किंचित हलवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. असे १२ फोटो म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. दहा सेकंदांना १२० फोटो लागतात हे ऐकून कुणी कंटाळलं नाही. उलट हलवणारा कोण, फोटो काढणारा कोण, मोजणारा कोण, ही कामं त्यांनी आपापसात वाटूनही घेतली.

विषय त्यांचाच होता, पोळ्याचा बैल. बसलेला बैल उठतो आणि चालू लागतो. पहिल्या गटाने बैलाचे पुढचे पाय आधी उभे केले, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, बैल असा नाई उठत. तो पयले मांगून उठते!" वाद पेटला. शेवटी घरी बैलजोडी असलेल्या एका मुलाने फरशीवर ओणवं होऊन करूनच दाखवलं. पुढचे गुडघे टेकलेले, आधी मागचा भाग वर, मग एकेक करून पुढचे पाय. मुलांनी तो क्रम वहीत टप्प्याटप्प्याने काढला आणि मगच मातीला हात लावला.

पुढच्या अडचणीही त्यांनीच सोडवल्या. मातीचे पाय वजनाने वाकू लागले, तेव्हा आत तारेचा सांगाडा घातला. ढग आला की उजेड बदलायचा आणि फिल्म लुकलुकायची. म्हणून खिडकीला चादर लावून एकाच दिव्यावर काम केलं.

मी त्यांना हेच तंत्र वापरलेल्या दादासाहेब फाळके यांच्याविषयी सांगितलं. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये आला. त्याच्या आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. पुढे १९१५ मध्ये आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. काड्या तर आपल्याही घरात असतात, हे मुलांना फार आवडलं.

अ‍ॅनिमेशन म्हणजे महागडा संगणक आणि मोठं शहर, असा समज आहे. पण हालचाल उभी करायची तर ती आधी बारकाईने पाहिलेली असावी लागते, आणि ते पाहणं या मुलांनी गोठ्यात, शेतात रोज केलेलं आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत. या कामात मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. वर्गात फारसा न बोलणारा मुलगा इथे इतरांना शिकवतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून गावोगावच्या शाळांत हे शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता मुलांना तुरीचा दाणा पेरून फाळक्यांचा प्रयोग करायचा आहे. रोज फोटो कुणी काढायचा, याच्या पाळ्याही त्यांनी लावल्या आहेत.