छंदाची सनद

परदेशप्रवासाची वर्णने आजवर इतकी लिहिली गेली आहेत की, त्यांत भर घालण्याचा आमचा मुळीच विचार नव्हता. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतील श्टुटगार्ट येथे कन्येकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला आणि तेथे घरातच असा एक प्रसंग घडला की, ज्यांच्या लेकीसुना परमुलखात आहेत अशा वाचकांच्या कानी तो घालावासा वाटला.

श्टुटगार्ट हे एखाद्या खोलगट परातीत मांडल्यासारखे शहर आहे. सभोवार टेकड्या, त्यांच्या उतारांवरून थेट वस्तीपर्यंत आलेले द्राक्षांचे मळे आणि वरच्या आळ्यांतून खाली उतरण्यासाठी दगडी पायऱ्यांच्या शेकडो वाटा. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर १९६८ सालापासून मुंबईचे भगिनी-शहर आहे, हे आम्हांला तेथे गेल्यावरच कळले. कन्येचे बिऱ्हाड अशाच एका पायरीवाटेच्या माथ्यावर आहे. तेथे जिना झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घराकडे येते आणि ज्याची पाळी, त्याच्या दारावर एक लहानशी पाटी टांगली जाते. ती पाटी पाहून आमच्यातील मुख्याध्यापक सुखावला, हे कबूल केले पाहिजे.

जावईबापू तेथे अभियंता आहेत. कन्या इंदुरात असताना एका शाळेत चित्रकला शिकवीत असे. तेथे मात्र भाषा अंगवळणी पडेपर्यंत घरी बसणे आले. दोन हिवाळे तिने गोधड्या शिवून काढले. ही विद्या आमच्या मातुःश्रींकडून सौभाग्यवतींकडे आणि त्यांच्याकडून लेकीकडे आलेली. खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंनी एकदा ते काम पाहिले आणि आपल्या नातवासाठी तशीच एक गोधडी मागितली. आमच्यासमक्ष त्यांनी ऐंशी युरोच्या नोटाही पुढे केल्या. कन्येने गोधडी शिवण्याचे कबूल केले, पैसे मात्र हसतमुखाने परत केले.

आम्हांला हे रुचले नाही. "अगं, एका गोधडीला कोण विचारतो? आपल्याकडे घराघरांतून पापड-मसाले विकले जातात," आम्ही म्हणालो. आदल्याच शनिवारी कार्ल्सप्लात्स या चौकातील जुना बाजार आम्ही पाहिला होता. जुनी घड्याळे, चिनी मातीच्या बश्या, कोणाच्या तरी आजीचे चमचे असा सगळा पसारा. तेथे दोन गोधड्या मांडून बसावे, असाही सल्ला आम्ही दिला.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे पाहुणे आहात आणि मी परकी आहे. पाहुण्याची चूक लोक हसण्यावारी नेतात. परक्याची चूक कागदावर जाते."

मग तिने कपाटातून दोन रहिवासपत्रे काढून आमच्यापुढे ठेवली. जावईबापूंचे पत्र नोकरीच्या आधारावर दिलेले, म्हणून त्यांना नोकरीशिवाय स्वतःचा जोडधंदा करावयाचा झाल्यास परकीय नागरिकांच्या कार्यालयाची निराळी परवानगी लागते. कन्येचे पत्र पत्नी या नात्याने मिळालेले. पण त्यावर अर्थार्जनास मुभा असल्याचा शेरा होता आणि त्यात स्वतंत्र व्यवसायही येतो. घरातील कमावत्या माणसाला जे परवानगीवाचून करता येत नाही, ते घरी बसलेल्या बाईला करता येत होते! परमुलखात छंदाचा धंदा करू पाहणाऱ्याने बाजार पाहण्याआधी आपल्या रहिवासपत्रावरील ही ओळ पाहावी, हा पहिला धडा आम्ही तेथे गिरवला.

एखादी वस्तू एकदाच विकणे निराळे. पण नफ्याच्या हेतूने पुन्हापुन्हा विकावयाचे ठरविले की, तो धंदा किती का लहान असेना, त्याची नोंद नगरपालिकेच्या कार्यालयात करावी लागते. शुल्क गावागणिक वेगळे, साधारणतः वीस ते साठ युरो. सौभाग्यवतींनी नानकटाई आणि केकचा पर्याय सुचवून पाहिला. पण बेकरीचा आणि केक-मिठाईचा व्यवसाय तेथे उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी राखीव कारागिरींत मोडतो. तेव्हा सुईदोराच बरा, असे ठरले.

नोंदणीनंतर करखाते एक लांबलचक प्रश्नावली भरून घेते. उलाढाल किती होईल, नफा किती राहील, असे सारे अंदाज त्यात द्यावयाचे. लहान व्यावसायिकांना एक सवलत आहे. २०२५ सालापासून, मागील वर्षाची उलाढाल पंचवीस हजार युरोंच्या आत असेल, तर गिऱ्हाइकाकडून मूल्यवर्धित कर घ्यावा लागत नाही. नफा मात्र प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावाच लागतो. पतीच्या आरोग्यविम्यात पत्नीचा समावेश असेल, तर तिची कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच तिला स्वतःचा विमा उतरावा लागतो, हेही आधी विचारून ठेवलेले बरे.

या कायद्यातील एका शब्दाने आम्हां भाषेच्या विद्यार्थ्याला मोह घातला. जो उद्योग नफ्याच्या हेतूवाचून वर्षानुवर्षे तोट्यात चालतो, त्याला तेथील करखाते 'लीबहाबेराय' म्हणते. प्रेमापोटी केलेला उद्योग, असा त्याचा भाव. त्यातील तोटा पगारातून वजा करू देत नाहीत. थोडक्यात, सरकार म्हणते, प्रेम खुशाल करा, पण त्याचा हिशेब आमच्याकडे आणू नका!

पुढची अडचण कापडाची निघाली. विक्रीच्या कापडी वस्तूवर कोणता धागा किती टक्के आहे, हे पट्टी लावून सांगावे लागते. आमच्या मातुःश्रींच्या लुगड्यात सूत किती, हे आता कोणी सांगावे? कन्येने निर्णय केला की, विकावयाच्या गोधड्या नव्या, शुद्ध सुती कापडाच्या आणि जुन्या लुगड्या-साड्यांच्या गोधड्या घरच्यांपुरत्या. आम्हांला तो निर्णय कायद्यापेक्षाही शहाणपणाचा वाटला. छंदातील कोणता भाग विकावयाचा नाही, हे तिने आधीच ठरवून टाकले.

एका रविवारी आलन येथे गाडी बदलून आम्ही गीन्गेन या लहानशा गावी गेलो. १८४७ साली तेथे जन्मलेल्या मार्गारेटे श्टाइफ या मुलीचे पाय दीड वर्षाची असतानाच आजाराने लुळे पडले; उजवा हातही अधू झाला. तरीही ती शिवण शिकली आणि १८७७ साली तिने नमद्याच्या कपड्यांचे दुकान काढले. १८७९ च्या डिसेंबरात एका मासिकात आलेल्या आकृतीवरून तिने नमद्याचे छोटे हत्ती शिवले, तेही टाचण्या टोचून ठेवण्यासाठी! मुले त्यांच्याशी खेळू लागली आणि त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. तिच्या पुतण्याने १९०२ साली तयार केलेले अस्वल तर जगभर गेले. तेथील संग्रहालयात कन्या बराच वेळ त्या हत्तीसमोर उभी होती. आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अर्ज भरावयास घेतला. धंदा मुख्य की जोड, नागरिकत्व कोणते, रहिवासपत्रात काही निर्बंध आहे काय, असे प्रश्न ती आम्हांला मराठीत सांगत होती. एका रकान्यापाशी ती थांबली. जन्मनाव विचारले होते. तेथे तिने आमचे आडनाव लिहिले. त्या देशातील तिचे दप्तर आम्ही त्याआधी चाळले होते. त्यात ती बहुतेक ठिकाणी कोणाची तरी पत्नी होती. या कागदावर प्रथमच तिचा उद्योग तिच्या नावापुढे आला. "कोण विचारतो?" असे म्हणून आम्ही तिला नेमक्या याच कागदापासून दूर ठेवू पाहत होतो, हे तेव्हा ध्यानात आले आणि आम्ही मनोमन खजील झालो.

आम्ही इंदुरास परतल्यावर, गणपतीच्या दिवसांत तिचा फोन आला. करखात्याचा क्रमांक मिळाला होता. खालच्या मजल्यावरील बाईंना गोधडी पोहोचली होती, ऐंशी युरो घेतले होते आणि त्यांनी पावती मागून घेऊन नीट घडी करून ठेवली होती. पावती क्रमांक एक. तिची एक प्रत कन्येने आम्हांसही पाठविली. आमच्या पहिल्या नेमणुकीचा आदेश ज्या फायलीत आहे, त्याच फायलीत, त्याच्या शेजारी आम्ही ती लावून ठेवली आहे.