मोर आला, लेन्स आंधळी

शनिवारी पहाटे साडेचारला पुण्यातून निघालो आणि सहाला शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत पोचलो. बांधावर मोराने पिसारा फुलवला, मी कॅमेऱ्याला डोळा लावला, तर सगळं धुकं! शेतात नव्हे, लेन्सवर. गाडीत एसी फुल्ल आणि बाहेर आषाढातली दमट हवा, म्हटल्यावर दव धरणारच. घाईत शर्टाच्या टोकाने पुसलं, तर आणखीच फासलं गेलं. थंड कॅमेरा अर्धा तास झिपबंद पिशवीत ठेवायचा, की दव पिशवीवर बसतं. एवढं सोपं होतं हो!

काच सुकेपर्यंत मोर लांब गेला. १८-५५च्या किट लेन्समधून तो मोर राहत नाही, निळा ठिपका होतो. इथे निदान ३०० एमएम हवी.

संध्याकाळी दौंडकडून सिद्धटेकला गेलो. भीमेच्या पाण्यावर झकास ऊन पसरलेलं आणि माझी बॅटरी लाल. जादाची बॅटरी? घरी, चार्जरमध्ये.

घाटावर मैत्रिणीने तिच्या मोबाइलवरचा सकाळचा फोटो दाखवला. मी मान खाली घालून शर्टाने लेन्स पुसतोय. मागे मोर, पूर्ण पिसाऱ्यासकट.