माईकवाल्याच्या हातातली चिठ्ठी

आमच्या सुकापुरात इमारती वाढल्या तशा गेटवरच्या वह्याही वाढल्या. नाव, मोबाईल नंबर, कुणाकडे जायचंय, सही. माझं नाव ऐकल्यावर एखादा वॉचमन मला जरा जास्त वेळ न्याहाळतो, त्याचीही आता सवय झाली आहे. पण वहीत कोण काय लिहून गेलं, ते कुणी वाचत नाही. तपासणी माणसाची होते, मजकुराची होत नाही. मी संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि तिथेही बरेचदा हेच चालतं. म्हणून आज थोडं त्याविषयी.

एखाद्या वलिम्याच्या हॉलमध्ये माईकवाला उभा असतो. लोक त्याच्या हातात चिठ्ठ्या देतात आणि तो वाचून दाखवतो. 'अमुक नंबरची गाडी बाजूला घ्या.' आता कुणी चिठ्ठीत लिहिलं की, 'आहेराची पाकिटं मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे द्या,' आणि त्याने तेही वाचलं, तर पाहुणे पाकिटं देऊन मोकळे होतील. चिठ्ठी परक्याची असली तरी आवाज यजमानाचा असतो ना! क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणजे हेच. बाहेरून आलेला मजकूर वेबसाइट न तपासता आपल्या पानावर छापते, त्यात दडलेली आज्ञा ब्राउझर त्या वेबसाइटचीच समजून पाळतो, आणि पाहणाऱ्याचं लॉगिन भलत्याच्या हाती जाऊ शकतं. हे नाव २००० साली रूढ झालं. २००५ मध्ये मायस्पेसवर एका तरुणाने अशीच ओळ आपल्या प्रोफाइलमध्ये लिहिली आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक लोक नकळत त्याचे 'मित्र' झाले.

ती गंमत होती. पण हाच दोष सुरक्षेच्या साधनात निघाला तर? या साधनांचं कामच मुळी संशयास्पद मजकूर गोळा करण्याचं. हल्ल्यांच्या नोंदी, फाइलींची नावं, अनोळखी सर्व्हरची उत्तरं, सगळं एका पानावर मांडायचं. आणि ते पान उघडणारा असतो ॲडमिन, म्हणजे ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या आहेत तो.

नेसस हे जगभर वापरलं जाणारं तपासणीचं साधन. ते सर्व्हरला विचारतं, 'बाबा रे, तू कोण?' २०१४ मध्ये उघड झालं की सर्व्हरने आपल्या नावाच्या जागी स्क्रिप्ट पाठवली, तर ती नेससच्या पानावर जाऊन चालू शकते. ज्याची झडती घ्यायची, तोच झडती घेणाऱ्याच्या खिशात हात घालणार! कंपनीने नंतर ते दुरुस्त केलं.

आपल्या मुंबईतलं उदाहरणही आहे. मायक्रोवर्ल्ड कंपनीचं ई-स्कॅन अँटिव्हायरस अनेकांना ठाऊक असेल. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर एका जागेवरून लक्ष ठेवायला त्याचा मॅनेजमेंट कन्सोल असतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो. २०२३ मध्ये त्याच्या एका आवृत्तीत, वापरकर्त्याची माहिती बदलण्याच्या फॉर्ममध्ये, हाच दोष असल्याची जाहीर नोंद झाली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये अवास्टने एक वेगळं प्रकरण प्रसिद्ध केलं: ई-स्कॅनचे अपडेट असुरक्षित मार्गाने येत होते आणि हल्लेखोर वाटेतच त्यांची अदलाबदल करत होते. जुलै २०२३ च्या अखेरीस ते दुरुस्त झाल्याचं कंपनीने त्यांना कळवलं होतं. दोष वेगळे, पण दोन्हींकडे भरवशाच्या वस्तूवर भरवसा ठेवणाऱ्यालाच धोका.

याचा उपाय काही अवघड नाही. बाहेरचा मजकूर पानावर ठेवताना त्यातल्या खास खुणा, उदाहरणार्थ कोनी कंस, निव्वळ अक्षरं म्हणून दाखवायच्या. दिसतील, पण चालणार नाहीत. माईकवाल्याने 'चिठ्ठीत असं असं लिहिलंय बरं का' म्हणून वाचावं, तसं. मग तरी हा दोष पंचवीस वर्षं का टिकून आहे?

याचं उत्तर मला आमच्याच बैठकीत मिळालं. आमच्या टीममधल्या एका मुलीने आमच्याच नोंदी पाहण्याच्या पानावर हा दोष शोधला. वय तेवीस, नोकरीचं पहिलंच वर्ष. साहेब हसून म्हणाले, "अगं, ते पान आपल्याशिवाय कोण बघतं?" ती शांतपणे म्हणाली, "सर, तोच तर प्रश्न आहे. बघतो आपण, पण त्यात लिहितं सगळं जग." बैठकीत कुणी काही बोललं नाही. मग मी तिच्या बाजूने बोललो, आणखी एकजण बोलला. तीन आठवड्यांनी दुरुस्ती झाली. तिच्या नावाचा उल्लेख मात्र कुठेच झाला नाही.

पनवेलमध्ये ज्यांची छोटी कार्यालयं, दवाखाने, पतपेढ्या आहेत, त्यांना एवढंच सांगेन: अँटिव्हायरस किंवा फायरवॉल घेतला म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्याचेही अपडेट वेळेवर करा. ॲडमिनचं पान काम झालं की लॉग-आउट करून बंद करा, आणि त्याच ब्राउझरमध्ये इतर वेबसाइटी उघडू नका. आणि तुमच्याकडची एखादी तेवीस वर्षांची मुलगी 'इथे काहीतरी चुकतंय' म्हणाली, तर आधी तिचं ऐकून घ्या. हसायचं असेल तर नंतर हसा.