अडले कुठे?

डोंबिवलीहून ठाण्याला जाणारी गाडी दिवा सोडल्यावर मध्येच उभी राहिली, की आमच्या डब्यात प्रत्येकाला कारण ठाऊक असते. कोणी म्हणतो पुढे मेल काढली. कोणी सिग्नलला नावे ठेवतो. दिव्याच्या फाटकापायी ज्यांनी वर्षानुवर्षे लेटमार्क सोसले, ते फाटकाचा उद्धार करतात. २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तरी हा परिसंवाद काही बंद पडला नाही. खिडकीबाहेर मात्र कोणी पाहत नाही.

मीही त्यांतलाच. पोटासाठी मी ठाण्याच्या एका कचेरीत जावा भाषेत प्रोग्राम लिहितो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा बिले काढणारा प्रोग्राम रेंगाळू लागला. बिले तिप्पट झाली होती हे खरे. पण म्हणून आम्ही त्याचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे गडी, चारांचे बारा केले होते. तरीही रात्री दोन तासांत उरकणारे काम पहाट झाली तरी संपेना! नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाने हिशेबाचा भाग नव्याने लिहिला होता. "नव्या लिखाणातच घोळ आहे," असे मी चारचौघांत बोलून गेलो. पोरगे गप्प राहिले. दुपारी त्याने डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानेच भीतभीत विचारले, "सर, प्रोफायलर लावून बघू का?"

प्रोफायलर म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या नाडीवर बोट ठेवणारा वैद्य. २०१८ पासून जावाबरोबर 'फ्लाइट रेकॉर्डर' फुकट मिळू लागला. तो सेकंदाला पन्नासेक वेळा हळूच डोकावतो आणि कोण कोणत्या ओळीवर आहे ते टिपतो. जी ओळ पुनःपुन्हा सापडते, तिथे वेळ जातो, इतके साधे. डोनाल्ड क्नूथ या गणकपंडिताने १९७१ सालीच फोरट्रानचे प्रोग्राम तपासून दाखवले होते, की निम्म्याहून अधिक वेळ शेकडा चारांहून कमी ओळी खातात. मी हे तरुणपणी वाचले होते. वाचले होते, एवढेच.

मुलाच्या ओळी नोंदीत जेमतेम दिसल्या. गंमत म्हणजे यंत्र बहुतेक वेळ रिकामेच! मग त्याने कोण कशाची वाट पाहत थांबला, ती नोंद उघडली. बाराही गडी एकाच कुलपापाशी रांग लावून उभे होते. आमच्या घरी चकल्यांच्या दिवशी हेच होते: भाजणी मळलेली, तेल तापलेले, पाडायला तिघी बसलेल्या आणि सोऱ्या एक. चौथीला हाक मारून काय उपयोग?

ते कुलूप घातले होते प्रत्येक कामाची तारखेसह फाइलीत नोंद करणाऱ्या भागाला. तारीख मांडण्याचे जावातले जुने साधन दोघांनी एकदम वापरले, तर तारखांचा विचका होतो. म्हणून आठ वर्षांपूर्वी कोणीतरी सगळ्यालाच कुलूप ठोकले होते. ओळीशेजारी लिहिणाऱ्याचे नाव असते. मुलाने ते पाहिले आणि चटकन पडदा खाली सरकवला.

"वर घे," मी म्हणालो, "नाव वाच."

"राहू दे ना, सर."

नाव माझेच होते. आरोप चारचौघांत केला होता, तेव्हा माफीही तिथेच मागितली. मग आम्ही दोघे बसलो. २०१४ पासून जावात तारखेचे नवे साधन आहे, त्याला कुलूप लागत नाही. ते घातले, आणि फाइलीत लिहिण्याचे काम एका वेगळ्या गड्यावर सोपवले. त्या रात्री बिले दोन तासांच्या आत संपली. शेवटच्या गाडीला अवकाश होता. मुलाने पिशवीतून डबा काढला. त्याच्या आईने चकल्या दिल्या होत्या.